तेवीस बाटल्या आणि एक तपकिरी फीत

१

ला तिनाहाच्या तेवीस गर्भार बायकांच्या लघवीत विष सापडलं, आणि त्याचा सगळ्यात जास्त आनंद केळीच्या कंपनीला झाला.

ला तिनाहा हे डोंगरावरचं कोकोच्या बागांचं गाव. सगळ्यात जवळची केळीची बाग तिथून बसने तीन तासांवर. औषध फवारणारं विमान तिथल्या कुणी कधी पाहिलेलं नाही. म्हणूनच तरुण संशोधक योर्लेनी सोलानोने आपल्या अभ्यासासाठी ते गाव निवडलं होतं. एका बाजूला केळीच्या बागेतलं गाव, दुसऱ्या बाजूला हे.

बागेतल्या गावाला नाव नाही, नंबर आहे. कंपनीची बावीस क्रमांकाची बाग, म्हणून गावही बावीस. आठवड्यातून दोनदा पिवळं विमान शाळेच्या पत्र्यावरून जातं आणि केळीच्या पानांवर बुरशीनाशक सोडतं. ते औषध शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतं, पोटातल्या मुलग्यांची वाढ त्याने बिघडते आणि कालव्यातल्या कायमन मगरींच्या नर पिल्लांची गतही तीच होते, असं योर्लेनीचं म्हणणं होतं. बावीसमधल्या बायकांच्या लघवीत त्याचं प्रमाण सरासरी अकरा निघालं. ला तिनाहात ते एकाच्या आत निघायला हवं होतं. निघालं बारा.

कंपनीच्या वकिलाने दोन ओळींचं पत्र पाठवलं. जिथे विमान नाही तिथेही तेवढंच विष असेल, तर दोष विमानाचा कसा? आणि गुरुवारी नगरपालिकेची सभा होती. विमानाने घरांपासून आणि शाळेपासून लांब राहावं की नाही, हे त्या सभेत ठरणार होतं.

सोमवारी सकाळी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख इलेआना केसादाबाई बर्फाची पेटी घेऊन बावीसमध्ये उतरल्या. तपासणी त्यांच्याच प्रयोगशाळेत झाली होती. अभ्यास मागे घ्यायचा की नाही, हे त्यांनी तीन दिवसांत कळवायचं होतं.

दवाखान्याच्या पायरीवर योर्लेनी बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते.

"मी काही चूक केली नाही, इलेआनाबाई."

"रडून झालं असेल तर हे बघ," त्या म्हणाल्या आणि एक कागद पुढे केला. "विषाचा आकडा सोड. शेजारचा बघ, लघवीच्या दाटपणाचा. माणूस पाणी कमी प्यालं तर दाट, जास्त प्यालं तर पातळ. बावीसच्या बायकांचे आकडे कसे वरखाली आहेत. आणि तिनाहाचे?"

योर्लेनीने बोट फिरवलं. तेवीसच्या तेवीस आकडे जवळजवळ एकच होते.

"तेवीस बायका त्या सकाळी मापाने मोजून पाणी प्यायल्या होत्या का?"

तेवढ्यात विमानाचा आवाज आला. दवाखान्याची मदतनीस सेनेइदा, साठीची, ठेंगणी बाई, आतून धावत आली आणि मागच्या दोरीवरचे कपडे ओढून कवेत घ्यायला लागली. गल्लीतल्या प्रत्येक दोरीपाशी एकेक बाई तेच करत होती. कुणी वर बघितलंही नाही.

२

"बाटल्या कुणाकुणाच्या हाताखालून गेल्या?" इलेआनाबाईंनी विचारलं.

"जुलैत एकाच आठवड्यात दोन्ही गावांत गोळा केल्या," योर्लेनी म्हणाली. "बाटल्यांवरची नावं माझ्या हातची. गावागणिक एकेक पिशवी. आपल्या नावाड्याने, मिस्टर ऑल्स्टनने, फितीची गाठ मारली. मग दोन्ही पिशव्या एका पेटीत आणि पेटी इथल्या फ्रीझरमध्ये. विद्यापीठाची गाडी ऑगस्टअखेर आली."

"किल्ली?"

"माझ्याकडे," सेनेइदा म्हणाली. तिने गळ्यातल्या साखळीतून किल्ली ओढून दाखवली. क्रॉसच्या शेजारीच होती. "आंघोळीलासुद्धा काढत नाही. आता तुम्ही मलाच विचारणार ना, डॉक्टरबाई, की घर कुणाचं? घर कंपनीचं. नवरा कुठे? बागेत. मुलगा? तोही तिथेच. लिहून घ्या."

"लिहून घेते," इलेआनाबाई म्हणाल्या आणि खरंच लिहून घेतलं. सेनेइदाला ते आवडलं असावं, कारण तिने खुर्ची पुढे ओढली.

"तरी तुम्ही योर्लेनीला मदत केलीत. का?"

"माझा नातू, केइलोर. सात वर्षांचा आहे. दोनदा शस्त्रक्रिया झाली त्याची. जन्मला तेव्हा दायीने दुपट्यात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मला म्हणते, मुलगाच आहे बहुतेक." सेनेइदाने ओठ दाबले. "बहुतेक. आमच्या गल्लीत असे चार बहुतेक आहेत."

इलेआनाबाईंनी वहीचं पान उलटलं.

"फ्रीझर मधल्या काळात कधी बंद पडला होता?"

"एकदाच. ऑगस्टमध्ये, मातृदिनाच्या आठवड्यात. वादळाने वीज गेली, दोन दिवस आलीच नाही. सगळं वितळलं असतं. पण माझे कोम्पाद्रे धावून आले, कंपनीचे एराक्लियोसाहेब. केइलोरचे धर्मपिता आहेत ते, बाप्तिस्म्याला त्यांनीच त्याला हातावर घेतलं, म्हणून ते माझे कोम्पाद्रे आणि मी त्यांची कोमाद्रे. म्हणाले, कोमाद्रे, कामगारांच्या खानावळीत मोठा फ्रीझर आहे, जनरेटरवर चालतो, पेटी तिकडे ठेवू. देवमाणूस. वीज आल्यावर परत आणून दिली."

योर्लेनी चमकली. "हे मला कुणी सांगितलं नाही."

"तू राजधानीत होतीस. आणि गोठलेलं गोठलेलंच राहिलं ना," सेनेइदा म्हणाली. पण शेवटच्या शब्दावर तिचा आवाज जरा मंदावला.

३

मिस्टर ऑल्स्टन कालव्यावरचा नावाडी. वय सत्तरीच्या पुढे. तरुणपणी त्याने बागेत वीस वर्षं काढली होती. आता तो योर्लेनीसाठी मगरींची घरटी मोजायचा. पेटी खानावळीत नेली आणि आणली, तीही त्याच्याच हातगाडीवर.

"बसा, डॉक्टरबाई. होडी जुनी आहे, पण बुडेल तेव्हा सांगून बुडेल."

काठाला गवताचे ढीग दिसत होते. प्रत्येक ढिगाजवळ एक काठी रोवलेली, काठीला रंगीत प्लास्टिकची फीत. निळी, लाल, हिरवी, पिवळी, पांढरी. इलेआनाबाईंना वाटलं, खुणेसाठी असेल.

"पूर्वी नर की मादी हे ओळखायला एक नजर पुरायची," ऑल्स्टन म्हणाला. "हल्ली पिल्लू उलटं करून चष्मा लावावा लागतो. मी योर्लेनीला म्हटलं, पोरी, मगरीला लाज वाटते, मला नाही." मग तो हसायचा थांबला. "मगरीला काय सांगता येतं? ती नुसती कमी होते."

"कंपनीने तुम्हाला कधी काम देऊ केलं?"

"मागच्या महिन्यात. पाहुण्यांना होडीतून पक्षी दाखवायचे. पगार, टोपी, सगळं."

"मग?"

"टोपी घट्ट होती," ऑल्स्टन म्हणाला आणि वल्हं मारलं.

४

एराक्लियो बाल्तोदानो कंपनीचा आरोग्य आणि पर्यावरण अधिकारी. त्रेपन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, बोलायला मऊ. बावीसमध्येच जन्मलेला. चौदाव्या वर्षी केळीच्या घडांना पिशव्या घालायच्या कामाला लागला, नंतर रात्रशाळेत शिकून इंजिनिअर झाला. कार्यालयात गार हवेचं यंत्र घुमत होतं.

"वाईट वाटलं मला त्या मुलीचं," तो म्हणाला. "हुशार आहे. पण बघा, विष सगळीकडे आहे. प्लास्टिकच्या बाटलीत आहे, साबणात आहे. विमानालाच का धरायचं? आमचं औषध पानावर पडतं आणि पानावरच राहतं. जो हाताळतो त्याच्यासाठी हातमोजे आहेत. बाकी कुणाचा संबंधच नाही."

"तुमचा येतो संबंध?"

"मी? वीस वर्षांत घडाच्या पिशवीला हात लावला नाही." त्याने टेबलावरची मोठी बाटली उचलून घटाघट पाणी प्यायलं आणि उठला. "माफ करा, आलोच."

तो परत आला तेव्हा जरा ओशाळला होता. "तुम्ही डॉक्टर, तुम्हाला काय लपवायचं. मधुमेह. राजधानीतल्या डॉक्टरने नवी गोळी दिलीय, साखर लघवीवाटे बाहेर काढते म्हणे. रक्तातली साखर झकास. पण दिवसभर पळापळ. इथल्या दवाखान्यात मिळत नाही ती, बसच्या ड्रायव्हरकडून मागवतो."

"गुणकारी गोळी आहे," इलेआनाबाई म्हणाल्या. "मातृदिनाच्या आठवड्यात तुम्ही पेटी सांभाळलीत म्हणे."

"कर्तव्यच होतं. कुलपाला हातही लावला नाही."

इलेआनाबाई उठल्या. पेटीला कुलूप नव्हतं, कुलूप फ्रीझरला होतं, हे त्या बोलल्या नाहीत. चूक अनवधानाचीही असू शकते. त्यांनी फक्त वहीत लिहून ठेवलं.

५

मंगळवारी सकाळी दवाखान्याच्या टेबलावर इलेआनाबाईंनी बर्फाची पेटी उघडली. प्रयोगशाळेने प्रत्येक बाटलीतलं अर्धंच वापरलं होतं. उरलेलं बाटलीत, बाटल्या पिशवीत, आणि पिशव्यांना त्यांच्या फिती तशाच परत बांधलेल्या होत्या. एक फीत पिवळी, एक तपकिरी.

"सेनेइदा, दिवस गेलेत का ते बघायच्या पट्ट्या आहेत?"

"खोकंभर. पण आपल्या वयात?"

योर्लेनी दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

इलेआनाबाईंनी आधी बावीसच्या बाटल्या घेतल्या. जुलैपासून गोठलेल्या लघवीत गर्भारपणाची खूण टिकते की नाही, हे आधी कळायला हवं होतं. पहिली पट्टी, दोन रेघा. दुसरी, दोन रेघा. पाचही पट्ट्यांवर दोन रेघा. खूण टिकत होती.

मग ला तिनाहाची पहिली बाटली. एकच रेघ. दुसरी, एकच. सेनेइदा पट्ट्या ओळीने मांडत गेली. तेविसावी पट्टी मांडून झाल्यावर ती खाली बसली.

"या बायका गर्भार नव्हत्या?"

"होत्या," योर्लेनी कुजबुजली. "त्यातल्या अठरा जणी बाळंत झाल्यात. मी बाळं पाहिलीत."

"म्हणजे ही लघवी त्यांची नाही," इलेआनाबाई म्हणाल्या. "दाटपणा एकच, म्हणजे एकाच माणसाची. कुणीतरी त्या बायकांचं ओतून दिलं आणि त्यांच्याच नावाच्या बाटल्या भरल्या."

त्यांचा आवाज चढला नाही. पण सेनेइदाने पाहिलं, त्यांनी पट्टीचा कागद चुरगाळून मुठीत धरला होता. तेवीस बायका पहाटे उठून, पोट सांभाळत, बाटली हातात घेऊन चालत आल्या होत्या. विचारलं म्हणून दिलं होतं. आणि कुणीतरी ते मोरीत ओतलं होतं.

"आता दहा रंगांची पट्टी द्या," त्या म्हणाल्या. "गर्भारपणी साखर बघता ती."

साखरेचा चौकोन तेवीस वेळा गडद झाला, इतका गडद, की खोक्यावरच्या रंगांत त्याच्यापुढचा रंगच नव्हता.

"एवढी साखर असलेला माणूस," सेनेइदा म्हणाली, "इथे बसलेला नसतो हो. सलाईन लावून पडलेला असतो."

६

दुपारी ऑल्स्टन तांदूळ-घेवड्याचा डबा घेऊन आला. नारळाच्या दुधात शिजवलेला भात त्याची बायको मंगळवारीच करायची. डबा ठेवताना त्याची नजर पिशव्यांवर गेली आणि तिथेच थांबली.

"ही कुठली पिशवी?"

"तिनाहाची," योर्लेनी म्हणाली.

"नाही. मी बांधली ती पिवळीने. दोन्ही पिवळ्या होत्या."

इलेआनाबाईंनी वही खाली ठेवली. "आम्हाला वाटलं, गावागणिक रंग वेगळा आहे."

"राजधानीच्या लोकांना तसंच वाटणार," ऑल्स्टन म्हणाला. "अहो, रंग गावाचा नसतो, आठवड्याचा असतो. बागेत घडाला पिशवी घालतात तेव्हा फीत बांधतात. या आठवड्याची निळी, पुढच्या आठवड्याची लाल. काढणाऱ्याने नुसता रंग बघायचा, घडाचं वय कळतं. आठवडा संपला की उरलेल्या फिती मुकादम मोजून परत घेतो, नाहीतर कोवळे घड कापले जातील. मी पुतण्याकडून दोन हात फीत मागून घेतो, घरट्यांना बांधायला. मगरीची अंडी आणि केळी, दोन्हींचं वयच बघायचं असतं."

"पिवळी कधीची?"

"जुलैची, आपण बाटल्या गोळा केल्या तो आठवडा. आणि तपकिरी..." त्याने बोटांवर मोजलं. "मातृदिनाची. वीज गेली तो आठवडा."

कुणी काही बोलण्याआधी तोच पुढे म्हणाला, "म्हणजे पिशवी त्या आठवड्यात कापून परत बांधली. त्या आठवड्यात किल्ली सेनेइदाकडे होती. पेटी मी ढकलली. आणि बागेबाहेर तपकिरी फीत एकाच माणसाकडे होती." त्याने खिशातून लहानसं भेंडोळं काढून टेबलावर ठेवलं. "माझ्याकडे. वादळात त्या आठवड्यात काठाला जाताच आलं नाही, तेव्हापासून खिशातच आहे."

फीत तपकिरी होती.

७

"दोन बाटल्या घ्या," इलेआनाबाई शांतपणे म्हणाल्या. "एक तुम्ही, एक सेनेइदा. स्वच्छतागृह मागे आहे."

ऑल्स्टनने बाटलीकडे पाहिलं. "एवढीशी? या वयात नेम कुठे राहतो, बाई."

दहा मिनिटांत निकाल लागला. दोघांच्याही लघवीत साखरेचा मागमूस नव्हता.

"आता ऐका," इलेआनाबाई म्हणाल्या. "एका बाटलीत पन्नास मिली. तेवीस बाटल्यांना लिटरच्या वर लघवी लागते. पेटी बाहेर होती दोनच दिवस, त्यात ती भरून पुन्हा गोठवायची. म्हणजे भरपूर लघवी होणारा माणूस. साखर भयंकर, पण माणूस हिंडताफिरता. असं एकाच कारणाने होतं. एक नवी गोळी असते, ती रक्तातली साखर लघवीत टाकते. ती इथे मिळत नाही. सेनेइदा, तुमच्या यादीत मधुमेही किती?"

"एक्केचाळीस. त्यांना जुनीच गोळी देतो आम्ही." सेनेइदा हळूहळू बोलत होती. "नवी गोळी फक्त... बसच्या ड्रायव्हरकडून..." ती थांबली. तिचा हात गळ्यातल्या किल्लीवर गेला.

"पण त्याने तिनाहाच्याच बाटल्या का बदलल्या?" योर्लेनीने विचारलं. "बावीसच्या बाटल्या स्वच्छ दाखवल्या असत्या तर सोपं झालं असतं."

"त्याला स्वच्छ लघवी लागली असती. बावीसमध्ये ती मिळणार कुठे?"

ऑल्स्टन तपकिरी फितीची गाठ निरखत होता. "बागेचीच गाठ आहे. पण त्याला पिवळीचा अर्थ ठाऊक होता की. रंग बदलला तर आपण पकडले जाऊ, हे त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?" मग त्याने स्वतःच मान हलवली. "नाही. चौदाव्या वर्षी आम्हाला पहिलं हेच शिकवतात. जुन्या रंगाची फीत बांधायची नाही. बांधली तर मुकादम मारायचा, मी मार खाल्लाय. हातात आलेली गाठ त्या आठवड्याच्याच रंगाची असते. बाकी सगळं खोटं करेल माणूस, हात नाही करत."

८

बुधवारी एराक्लियोच्या कार्यालयात इलेआनाबाई आणि योर्लेनीबरोबर सेनेइदाही गेली. येऊ नका म्हटलं तरी आली. इलेआनाबाईंनी दाटपणा, पट्ट्या, साखर, गोळी, फीत, सगळं क्रमाने सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. पाणीही प्याला नाही.

"विमान थांबलं तर करपा येईल," शेवटी तो म्हणाला. "सहा महिन्यांत बाग जाईल. कंपनी दुसरीकडे जाईल, ती कुठेही जाऊ शकते. आठशे घरं आहेत इथे, कोमाद्रे. तुझंही. मला कुणी सांगितलं नाही हे करायला. मीच केलं."

"एक विचारायचं राहिलं," इलेआनाबाई म्हणाल्या. "तुम्ही वीस वर्षांत घडाच्या पिशवीला हात लावला नाही. गार खोलीत बसता. मग तुमच्या लघवीत विष आहे, हे तुम्हाला आधीच कसं ठाऊक होतं? ठाऊक नसतं तर तुम्ही ती बाटलीत भरली नसतीत."

यंत्राची घरघर ऐकू येत होती. एराक्लियोची नजर टेबलाच्या खालच्या खणाकडे गेली आणि लगेच परत आली. पण सेनेइदाने ती पाहिली होती.

"तपासतात तुम्हाला," ती म्हणाली.

"अधिकाऱ्यांना. वर्षातून एकदा."

"किती वर्षं?"

"नऊ."

सेनेइदाने बोटांवर मोजलं नाही, तिला गरज नव्हती. "केइलोर सात वर्षांचा आहे. तू त्याला देवळात हातावर घेतलंस तेव्हा हे कागद या खणात होते. पहिल्या शस्त्रक्रियेला तू आम्हाला गाडी दिलीस. मी तुझ्या हाताचं चुंबन घेतलं, एराक्लियो." तिने पहिल्यांदाच त्याला नावाने हाक मारली होती.



इलेआनाबाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "उद्या मी सभेत सांगेन, की बाटल्या बदलल्या गेल्या. तेवढ्याने अभ्यास रद्द होईल आणि विमान उडत राहील. पण तुमचा आकडा वाचला, तर ऐकणाऱ्याला दुसरं काही सांगावं लागणार नाही. फक्त तो तुमच्या शरीराचा आकडा आहे. तुमच्या संमतीशिवाय मी वाचणार नाही. हा आमचा संमतीचा अर्ज, त्यात थोडे प्रश्नही आहेत."

"संमती?" बाहेर आल्यावर योर्लेनी संतापून म्हणाली. "त्या तेवीस बायकांची घेतली होती त्याने?"

"नाही घेतली," इलेआनाबाई म्हणाल्या. "म्हणून मी घेणार."

९

गुरुवारी नगरपालिकेचं सभागृह भरलं होतं. भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या. त्यांत ला तिनाहाच्या सहा जणी, तान्ह्यांना घेऊन, पहाटेच्या बसने आलेल्या. केइलोर सेनेइदाच्या मांडीवर बसून पंख्याची पाती मोजत होता. एराक्लियो कंपनीच्या बाकावर, वकिलाच्या शेजारी.

इलेआनाबाईंनी पाच मिनिटांत सांगितलं. बाटल्या बदलल्या होत्या, कधी आणि कशावरून कळलं. नाव घेतलं नाही.

वकील उठला, अगदी सौजन्याने. "म्हणजे बाई स्वतःच मान्य करतात, की यांच्याकडे ला तिनाहाचा एकही खरा नमुना नाही. तुलनेला दुसरी बाजूच नाही. मग अभ्यास उरला कुठे?"

"नाही उरला," इलेआनाबाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी मतदानासाठी हात वर करायला सांगायचं म्हणून तोंड उघडलं. सेनेइदाने केइलोरला मांडीवरून उतरवलं, त्याचा हात धरला आणि सभागृह ओलांडून त्याच्या धर्मपित्यासमोर जाऊन उभी राहिली. काल त्याने न भरता टेबलावर सोडलेला अर्ज तिने उचलून आणला होता; तो तिने बाकावर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. केइलोरने सवयीने त्याच्यापुढे डोकं वाकवलं, धर्मपिता आशीर्वाद देतो तशा आशीर्वादासाठी.

एराक्लियोचा हात उचलला गेला आणि हवेतच राहिला.

वकील त्याच्या कानाशी लागला. एराक्लियोने त्याला कोपराने बाजूला केलं आणि पेन घेतलं. तो भराभर लिहीत होता, एका ठिकाणी थांबला, पुन्हा लिहिलं. मग उठून अर्ज स्वतः इलेआनाबाईंच्या हातात दिला. त्याच्याबरोबर एक तपकिरी लखोटा होता. त्यात नऊ कागद होते.

"माझेच आहेत," तो अध्यक्षांना म्हणाला. "बाकीच्यांचे कंपनीकडे मागा."

इलेआनाबाईंनी अर्ज आणि आकडे वाचून दाखवल्यावर पाच विरुद्ध दोन मतांनी ठराव झाला. नवा अभ्यास पुरा होईपर्यंत विमानाने घरं आणि शाळा यांच्यापासून अर्ध्या किलोमीटरच्या आत यायचं नाही. ला तिनाहाच्या सहा जणींनी त्याच संध्याकाळी योर्लेनीकडे रिकाम्या बाटल्या मागितल्या.

परतीच्या बसमध्ये इलेआनाबाईंनी वही उघडली आणि सभेत वाचून दाखवलेला अर्ज पुन्हा वाचला. त्यांनी तक्त्याच्या शेवटी एक ओळ वाढवली आणि उत्तरं होती तशी उतरवली.

पुरुष. वय त्रेपन्न. प्रमाण: बारा. कामात या रसायनाशी संबंध येतो का: नाही. राहण्याचं ठिकाण: बावीस.